मित्राने बनवलेलं धनुष्य तपासतेय, पोटावरच्या रेघांबद्दल मदत हवी आहे

रानवेळू

नमस्कार मंडळी,

रत्नागिरीकडचा एक मित्र लाकडी धनुष्यं बनवतो, मी पुण्यात बनवते. दोघंही हौशी. नवं धनुष्य झालं की ते दुसऱ्याकडे तपासायला पाठवायचं, असा आमचा रिवाज आहे. बनवणाऱ्याच्या हाताला आपल्या धनुष्याची खोड लागतच नाही, कारण तासताना तो तिच्याशीच जुळवून घेत गेलेला असतो. यावेळी त्याने पाठवलेल्या धनुष्यावर मुठीजवळ पेन्सिलीने लिहिलंय: २८ इंचांवर ४२ पौंड, म्हणजे २८ इंच ओढलं की ४२ पौंडांचा जोर. तो स्वतः २६ च्या पुढे ओढत नाही, त्याचे हातच तेवढे. माझी ओढ २८ ची. आणि मी २६ वर थांबले आहे.

नवख्यांसाठी: पाठ म्हणजे निशाण्याकडची बाजू, पोट म्हणजे आपल्याकडची, पातं म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग. ओढताना पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं.

धनुष्य टोकापासून टोकापर्यंत ६६ इंच. पोट धामणीचं, त्याच्याकडे कुऱ्हाडीच्या दांड्यांसाठी आणलेला जुना सोट होता त्यातलं. पाठीला बांबूची पट्टी, सालीची बाजू बाहेर. मधे इपॉक्सी, वरून फ्रेंच पॉलिश. मुठीलगत पातं ३३ मिमी रुंद, टोकाला १२. दोरी डाक्रॉनची, १४ पदरी. काम देखणं आहे, टोकांना शिंगाचे तुकडेही बसवलेत.

आल्यावर लगेच दोरी चढवली नाही. दोन्ही टोकांतून सुतळी ताणून पाहिली, पाती पिळलेली नाहीत. दोरी चढवल्यावर ती मुठीच्या मधोमध जाते. ब्रेस हाइट, म्हणजे मुठीपासून दोरीचं अंतर, सव्वासहा इंच. मग भिंतीवरच्या खुंटीला मूठ अडकवून, कप्पी आणि सामान तोलायच्या डिजिटल काट्याने हळूहळू ओढलं. २२ इंचांना १२.३ किलो, २४ ला १४.३, २५ ला १५.४, २६ ला १६.५. म्हणजे शेवटी दर इंचाला अडीच पौंडांच्या आसपास वाढ. एकदम जड होत नाही, हे चांगलं. २६ पर्यंत ओढून थोडे बाण मारले, २६ ग्रॅमचे. हाताला झटका नाही, आवाज कमी.

आता अडचण. खालच्या पात्याच्या पोटावर, मुठीपासून साधारण वीतभर अंतरावर, आडव्या बारीक रेघा दिसतात. केसाएवढ्या, तीन-चार जवळजवळ. टॉर्च तिरका धरला की दिसतात, सरळ उजेडात नाही. शिवाय दोरी उतरवल्यावर वरचं पातं २० मिमी वाकलेलं राहतं, खालचं ३२. रात्रभर ठेवलं तर दोन्ही थोडी सावरतात, फरक मात्र राहतो.

या रेघा पॉलिशच्या आहेत की लाकूड दबून पडलेल्या, हे धनुष्य न बिघडवता कसं ओळखायचं? आणि २८ पर्यंत ओढून बघू का? चोवीस तास राबून केलेलं त्याचं धनुष्य माझ्या हातात मोडायला नको. पण २६ वर थांबून "छान आहे" असं कळवणं म्हणजे तपासणीच झाली नाही.

(ओजस देवतळे आणि अदिती स्वामीने २०२३ ला बर्लिनमध्ये जागतिक विजेतेपदं आणल्यापासून कंपाउंडबद्दल, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या आधुनिक धनुष्याबद्दल, कुणीही सांगतं. लाकडाच्या धनुष्याचं विचारायला मात्र जागा सापडत नाही, म्हणून इथे.)

सातपुडा

ताई, माझं मत वेगळं आहे. तपासायला दिलंय ना? मग ओढा २८ पर्यंत. मोडायचंच असेल तर ते तपासणाऱ्याकडे मोडावं, विकत घेणाऱ्याच्या तोंडाशी नको.

आमच्याकडे नंदुरबारच्या बाजूला भिल्लांचे कामठे, म्हणजे त्यांची धनुष्यं, बघा. अख्खा बांबूचा, दोरीसुद्धा बांबूच्या कामटीची. कुणी त्याला पॉलिश करत नाही की मिलिमीटर मोजत नाही. म्हातारी माणसं हातात घेऊन वाकवतात, कानाला लावून ऐकतात आणि सांगतात.

रंधा_पटाशी

सातपुडा, कामठ्याबद्दल बरोबर. पण तो कामठा छातीशी ओढतात, गालापर्यंत नाही. ओढ कमी म्हणून लाकडावरचा ताणही कमी. ताईंचं धनुष्य ६६ इंची आणि ओढ २८ ची. मूठ ताठ असेल तर ओढीच्या दुप्पट आणि वर मुठीची लांबी, एवढी तरी लांबी हवी असं आम्ही धरतो. हे त्या हिशेबाच्या काठावर आहे. रेघा दिसत असताना पुढे ओढणं म्हणजे तपासणी नव्हे.

रानवेळू ताई, आधी रेघांचं. पॉलिश फ्रेंच आहे ना? म्हणजे लाख, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुती फडक्याला स्पिरिट लावून तेवढाच टापू पुसा. पॉलिशला तडे असतील तर पॉलिशबरोबर जातील. लाकूड दबून पडलेल्या असतील तर राहतील, उलट जास्त स्पष्ट दिसतील. वर कोळशाची पूड चोळून पुसून टाका, काळं रेघेत अडकतं. पॉलिश परत लावायला दहा मिनिटं लागतात, तुमचा मित्र रागावणार नाही. मेलामाइन किंवा पीयूसारखं न विरघळणारं पॉलिश असतं तर हे चाललं नसतं, बारीक पॉलिश पेपरने घासावं लागलं असतं.

एक विचारू? दोरी चढवलेल्या अवस्थेत, मुठीच्या दोन्ही कडांपाशी दोरीपासून पात्यापर्यंतचं अंतर मोजलंत का? वर किती, खाली किती? आणि मित्राने पाठवताना किती होतं, ते त्याला विचारा.

परदेशी_पाखरू

ओहायोतून लिहितोय. इथे ओसेज ऑरेंजचं लाकूड मिळतं आणि ते काहीही सहन करतं, त्यामुळे इथली मंडळी लाडावलेली आहेत. पण बांबूची पाठ लावायची म्हटली की इथेही पहिला प्रश्न हाच: पोट कशाचं? बांबूची सालीकडची बाजू ताणाला अफाट मजबूत. पोटाचं लाकूड दाबाला तितकं भक्कम नसेल, तर पाठ जिंकते आणि पोट चिरडतं. दिसायला तुम्ही लिहिल्यात तशाच आडव्या रेघा.

बांबूची पट्टी कडेला किती जाड आहे बघा. कडेला ३ मिमीपेक्षा जास्त असेल तर माझा संशय तिथेच.

आणि हो, धनुष्यावर लिहिलेले २८ इंच कुठून मोजलेत? प्रचलित पद्धतीत मुठीच्या खोलगट बिंदूपासून दोरीपर्यंत मोजून त्यात पावणेदोन इंच मिळवतात. काहीजण नुसतं पोटापासून मोजतात, मग धनुष्य पावणेदोन इंच जास्त ओढलं जातं आणि मालकाला पत्ताही नसतो.

रानवेळू

सर्वांचे आभार. एकेक सांगते.

पाखरू, माप आम्ही दोघंही पावणेदोन मिळवूनच घेतो. २६ वरचा आकडा पुढे नेला तरी २८ ला ४१-४२ पौंडच येतात, म्हणजे त्याने लिहिलंय ते बरोबर. बांबू कडेला ४ मिमी आहे. व्हर्नियरने मोजलं.

रंधाकाका, वरती १५८ मिमी, खालती १६१. मित्राला फोन केला. त्याच्या वहीत वरती १६२, खालती १५८ लिहिलंय.

रंधा_पटाशी

मग उत्तर तुमच्या हातातच आहे.

तो तीन बोटं वापरतो तेव्हा बाण मधे धरतो ना, एक बोट वर आणि दोन खाली? तसं असेल तर खालचं पातं किंचित कडक ठेवतात, म्हणजे खालचं अंतर वरच्यापेक्षा ३ ते ६ मिमी कमी. त्याने ४ ठेवलं होतं, योग्यच. आता खालचं अंतर उलट ३ ने जास्त. त्याच्याकडून निघाल्यापासून तुम्ही मोजेपर्यंत खालचं पातं नरम पडलंय. दोरी उतरवल्यावर तेच जास्त वाकलेलं राहतं. रेघाही त्याच पात्यावर. तीन खुणा, तिन्ही एका जागी.

२८ चा विषय संपला. २६ पर्यंतही आता ओढू नका. आणि कुणाला दाखवताना रिकामी दोरी ओढून सोडू देऊ नका. बाण नसला की त्याच्यासोबत जायची ऊर्जा पात्यांतच राहते, चांगलं धनुष्यही एवढ्याने जातं. माझ्याकडे येणारा प्रत्येक दुसरा पाहुणा हेच करायला बघतो, म्हणून मी हल्ली धनुष्यं भिंतीवर दोरीशिवाय टांगतो.

आता पुढचा प्रश्न: त्याने हे कुठल्या महिन्यात तासलं?

रानवेळू

जूनअखेर आणि जुलै. त्याची पडवी समुद्रापासून फार लांब नाही.

तुम्ही का विचारताय ते कळलं. त्याने पाठवताना वजन ५६६ ग्रॅम लिहिलं होतं. आज माझ्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५५३.

परदेशी_पाखरू

१३ ग्रॅम पाणी! म्हणजे जवळजवळ अडीच टक्के ओल उतरली, ती कोरड्या खोलीत आल्यावर. तिथे असताना किती होती ते यावरूनच समजा. हवेत ५० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण ९ टक्के ओल टिकते, ९० टक्के असेल तर २० च्या घरात जाते. धनुष्याला ८ ते १० हवी. ओलं लाकूड ताणाला फार कमी पडत नाही, दाबाला मात्र बरंच कमी पडतं. म्हणून पोट जातं, पाठ नाही.

इथे हिवाळ्यात उलटा त्रास. हीटर चालू असला की लाकूड इतकं कोरडं होतं की पाठीकडून फाटतं. मी हिवाळ्यात धनुष्याच्या खोलीत पाण्याची परात ठेवतो, बायको हसते.

सातपुडा

हे पटलं. मी माझं आधीचं वाक्य मागे घेतो. आमच्याकडेही बांबू पावसाळ्यात तोडत नाहीत, दिवाळीनंतर. कीड लागते असं कारण सांगतात.

रानवेळू

स्पिरिटने पुसलं. रेघा राहिल्या. कोळसा चोळल्यावर मोजताही आल्या, पाच आहेत, सगळ्यात लांब ९ मिमी. पात्याच्या पूर्ण रुंदीभर गेलेली एकही नाही. तिथून पुढे टोकाकडचा अर्धा भाग जवळपास सरळ राहतो, सगळा वाक मुठीच्या जवळ. खुंटीवर २० इंचांपर्यंत ओढून मागे पांढरा कागद लावून फोटो काढला, तेव्हा हे नीट दिसलं. नुसत्या डोळ्यांना गोल वाटत होतं.

मित्राशी बोलले. तो म्हणाला, तुझ्या हाताने दुरुस्त कर, मी येईपर्यंत थांबू नकोस. मला मात्र दुसऱ्याच्या धनुष्यावर रंधा चालवायला धजत नाही. तरी विचारते: कुठून काढायचं?

रंधा_पटाशी

रेघांच्या जागेला हातही लावू नका. तिथलं एक कणभर लाकूडही काढायचं नाही, ती जागा आधीच जास्त वाकतेय. काढायचं ते पुढून, टोकाकडच्या अर्ध्या भागातून, पोटाकडून. रंधा नको, खरवडपत्ती घ्या. काचेचा तुकडाही चालतो. थोडं खरवडा, खुंटीवर लावून २० पर्यंत सावकाश ओढा, पुन्हा फोटो, पुन्हा मापं. टोकाकडचा भाग वाकू लागला की मुठीजवळचा भार आपोआप हलका होतो.

मग वरच्या पात्यातूनही तेवढंच काढून टिलर, म्हणजे दोन्ही पात्यांच्या वाकाचा तोल, परत आणा, खालचं अंतर ४ मिमी कमी. यात ४२ पौंड राहणार नाहीत. ३६-३७ ला आलं तरी समाधान माना. पौंड वाचवायला गेलात तर रेघा पसरतील.

बांबू ४ मिमी आहे तो जास्तच. पण पाठीला वरून तासू नका, सालीखालचे तंतू तुटले की संपलं. कडा तिरक्या घासा, म्हणजे पाठ पोटापेक्षा अरुंद होईल. दोन्ही बाजूंनी दीड-दोन मिमी. पाठीचा जोर उतरतो, पोटाला श्वास मिळतो.

पडलेल्या रेघा भरून येत नाहीत. पण भार वाटला गेला की त्या तशाच राहून धनुष्य वर्षानुवर्षं चालतं. माझ्याकडे एक आहे. त्या जागेवर रेशमी धागा गुंडाळू नका मात्र, काहीजण सुचवतील. दोष झाकला जातो आणि रेघा वाढतायत का ते बघता येत नाही.

हे सगळं ओल पूर्ण उतरल्यावर. वजन आठवडाभर एकसारखं आलं पाहिजे.

परदेशी_पाखरू

झाल्यावर वेगही मोजा. क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, नसला तरी चालतं. २० मीटरवर मारा, फोन स्वतःजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करा. दोरीचा आवाज आणि बाण लागल्याचा आवाज यांतला वेळ कुठल्याही ऑडिओ अ‍ॅपमध्ये दिसतो. त्यातून ०.०५८ सेकंद वजा करा, तेवढा वेळ लागल्याचा आवाज तुमच्यापर्यंत परत यायला लागतो. उरलेल्या वेळाने २० ला भागा. लाकडी धनुष्याला आम्ही ढोबळ हिशेब लावतो: दर पौंडाला १० ग्रेन (सुमारे ०.६५ ग्रॅम) वजनाचा बाण असेल, तर पौंडांत १०० मिळवून जो आकडा येतो तितके फूट प्रतिसेकंद. ३७ पौंडांच्या धनुष्याला २४ ग्रॅमचा बाण, आणि १३७ फूट, म्हणजे सुमारे ४२ मीटर. तुमची ओढ २८ ची आहे म्हणून हा हिशेब लागू, मित्राच्या २६ ला थोडा कमीच येईल.

रानवेळू

छान. वजन आज ५५१. अजून उतरतंय, म्हणजे थांबायचं.

मित्राला हा धागा वाचायला दिलाय. त्याचा एकच प्रश्न आहे, काका: कडा तिरक्या करताना गोंदाची रेघ उघडी पडेल, तिला परत पॉलिश पुरेल की इपॉक्सीचा हात द्यायचा?

रंधा_पटाशी

पॉलिश पुरेल. फक्त दुपारी बंद गाडीत ठेवू नको म्हणावं. आणि पुढचं धनुष्य दिवाळीनंतर तास.