बीपी पहाटे अचानक १९०वर जातं आणि तासाभरात आपोआप उतरतं. कारण कसं शोधायचं?

टिपणवही:
५८ वर्षांच्या एका बाईंच्या पाच आठवड्यांच्या नोंदी समोर ठेवून विचारते आहे. बीपीचं निदान सहा वर्षांपूर्वीचं. औषध एकच, लोसार्टन ५० मिग्रॅ, रोज सकाळी ८ वाजता. मधुमेह नाही. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), पोटॅशियम, थायरॉईड, ईसीजी सगळं ठीक. एरवी वरचा आकडा १२८ ते १३६, खालचा ७८ ते ८४.

या पाच आठवड्यांत सात वेळा वरचा आकडा १७६ ते १९४ आणि खालचा ९६ ते १०४ असा आला. सातपैकी पाच वेळा पहाटे ४ ते ७ या वेळात, दोनदा दुपारी. डोकं जड होतं, थोडी धडधड होते. छातीत दुखणं, धाप, हातापायात अशक्तपणा यातलं काही नाही. तास-दीड तासात आकडा १५०च्या आत येतो. दोनदा घाबरून लोसार्टनची जादा गोळी दिली गेली, आणि दोन्ही वेळा नंतर ११०पर्यंत उतरून चक्कर आली.

तीन गोष्टी हव्या आहेत. हे आकडे खरे आहेत की मोजण्यातली चूक? त्या तासाभरात नेमकं काय करायचं? आणि डॉक्टरांकडे कोणत्या तपासण्यांबद्दल विचारायचं, कुठल्या क्रमाने?

पारा_आणि_पट्टा:
आधी पट्टा तपासा. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर टेपने मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या मापाशी ताडून बघा. घेर जास्त आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. एक माप लहान असेल तर साधारण ५ने, दोन मापं लहान असेल तर २०पर्यंतसुद्धा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून २ ते ३ सेंटिमीटर वर हवी, आणि पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. बाही वर गुंडाळली की तीच दंडाला आवळते.

मग बसण्याची पद्धत. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर सपाट, एकावर एक नाहीत, हात टेबलावर असा ठेवलेला की पट्टा हृदयाच्या पातळीत येईल. हात जेवढा खाली तेवढा आकडा वर: दर १० सेंटिमीटरला ७ ते ८ मिलिमीटर पारा (बीपी याच एककात मोजतात). मनगटाच्या यंत्रात ही चूक सर्रास होते, म्हणून दंडाचंच यंत्र वापरावं. मोजताना बोलायचं नाही, समोरच्याने प्रश्नही विचारायचे नाहीत.

पहाटेच्या आकड्यांबद्दल एक शंका आहे. डोकं जड वाटून जाग आली, उठून यंत्र आणलं, मूत्राशय भरलेलं, आणि लगेच पट्टा बांधला, असं तर होत नाही ना? भरलेल्या मूत्राशयानेच १० ते १५ची भर पडू शकते. आधी लघवीला जाऊन यायचं, पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मगच मोजायचं. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून सरासरी लिहायची. दोन आकड्यांत १०पेक्षा जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा मोजायचं.

नाडीसुद्धा लिहा. यंत्र ती दाखवतंच, पण बहुतेक वह्यांत तो रकाना रिकामा असतो. नाडी अनियमित असेल तर घरगुती यंत्राचे आकडे पाठोपाठ वेडेवाकडे येतात. तेव्हा दोष यंत्राचा नसतो, ईसीजी पुन्हा काढून घ्यावा लागतो.

टिपणवही:
दंडाचा घेर ३४ सेंटिमीटर निघाला आणि पट्ट्यावर २२ ते ३२ लिहिलं आहे. म्हणजे पट्टा लहानच आहे. पहाटेच्या पाचही वेळा जाग आल्याआल्या मोजलेलं आहे. वहीत नाडी फक्त चार वेळा आहे: ८८, ९२, ८४, ९६. एरवी ७०च्या आसपास असते.

आणखी दोन गोष्टी आधी लिहायच्या राहिल्या. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी, ५० मिग्रॅ, मधूनमधून चालू आहे. सातपैकी चार वेळा आदल्या दिवशी गोळी घेतलेली होती. आणि त्या झोपेत मोठ्याने घोरतात.

घड्याळाचा_काटा:
लहान पट्ट्याने ५, भरलेल्या मूत्राशयाने १०, लगेच मोजल्याने आणखी थोडं. सगळं मिळवलं तरी १३२चे १९४ होत नाहीत. तेव्हा मोजणी सुधाराच, पण उसळी खरी आहे असं धरूनच पुढे चला.

मला या नोंदींत सगळ्यात जास्त बोलकी वाटते ती वेळ. लोसार्टन रक्तातून लवकर जातं. त्याचं अर्धायुष्य (रक्तातलं औषध निम्म्यावर यायला लागणारा वेळ) सुमारे २ तास, शरीरात त्याच्यापासून तयार होणाऱ्या सक्रिय घटकाचं ६ ते ९ तास. सकाळी ८ला घेतलेल्या गोळीचा जोर दुसऱ्या दिवशी पहाटे ४ला बराच ओसरलेला असतो. नेमकं त्याच सुमारास शरीर जागं व्हायच्या तयारीत कॉर्टिसोल आणि ॲड्रेनॅलिन ही बीपी चढवणारी संप्रेरकं वाढवत असतं. यावर डॉक्टर दोन मार्ग काढू शकतात: तोच डोस दोन वेळांत विभागणं, किंवा लांब टिकणारं औषध देणं. टेल्मिसार्टनचं अर्धायुष्य २४ तासांच्या आसपास, अम्लोडिपीनचं ३० ते ५० तास. आपल्या मनाने वेळ किंवा गोळी बदलू नका, पण हा प्रश्न डॉक्टरांसमोर याच शब्दांत ठेवा: दिलेली गोळी चोवीस तास पुरते आहे का?

घोरण्याकडे दुर्लक्ष नको. झोपेत श्वास अडकतो, ऑक्सिजन खाली येतो, मेंदू धक्क्याने जागा होतो आणि त्या प्रत्येक धक्क्याला बीपी उसळतं. रात्रभरात असं कितीतरी वेळा होतं. पहाटे जड डोकं, कोरडं तोंड, रात्री दोन-तीनदा लघवीला उठणं, दिवसा पेंग येणं यातलं काही असेल तर झोपेची तपासणी मागून घ्या. बऱ्याच जणांची ती घरी झोपूनही होते. बोटाला ऑक्सिजनचा सेन्सर, नाकाशी हवेची नळी, छातीला पट्टा. दर तासाला श्वास १५ किंवा त्याहून जास्त वेळा अडकत असेल तर त्रास मध्यम ते तीव्र धरतात. बीपीच्या गोळ्या कितीही वाढवल्या तरी हा त्रास त्यांनी बरा होत नाही.

डायक्लोफेनॅकने एकदम उसळी येते असं मी म्हणणार नाही. ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि लोसार्टनचा असर कमी करतं, त्यामुळे बीपीची मूळ पातळीच वर सरकते आणि एरवी १६५ला थांबली असती ती उसळी १८५ला जाते. आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन यांचंही तसंच. सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रीन आणि फेनिलेफ्रीन, स्टिरॉइड, व्हेन्लाफॅक्सीनसारखी नैराश्यावरची औषधं, रोज घेतलेलं ज्येष्ठमध, पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतलं सोडियम, हे सगळं एकदा घरातल्या औषधांच्या डब्यात शोधा. एक वेगळा इशारा क्लोनिडीन या बीपीच्या औषधाचा. ते चालू असेल आणि एक-दोन डोस चुकले, तर दिवसभरातच बीपी पूर्वीपेक्षा वर उसळतं.

संथ_श्वास:
त्या तासाभराबद्दल. जादा गोळीमुळे काय झालं ते तुमच्याच नोंदींत दिसतंय. उसळी तासा-दीड तासात स्वतःच उतरणार होती. गोळीचा जोर चढेपर्यंत बीपी उतरणीला लागलेलं होतं, आणि दोन्ही मिळून ११०. ज्यांचं बीपी वर्षानुवर्षं वर राहिलेलं असतं त्यांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या त्या दाबाला सरावलेल्या असतात. दाब झपाट्याने पाडला की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं. म्हणूनच निफेडिपीन या बीपीच्या औषधाची कॅप्सूल फोडून जिभेखाली ठेवण्याची जुनी पद्धत डॉक्टरांनी सोडली. त्या उपायाने पक्षाघाताचे आणि हृदयविकाराचे झटके आलेले आहेत. इस्पितळात, शिरेतून औषध देतानासुद्धा, बहुतेक रुग्णांत पहिल्या तासात सरासरी दाब २५ टक्क्यांपेक्षा जास्त पाडत नाहीत.

तेव्हा वरचा आकडा १८०च्या किंवा खालचा १२०च्या वर आला की आधी माणसाकडे बघा. छातीत किंवा पाठीत दुखणं, धाप, एका बाजूला अशक्तपणा किंवा बधिरपणा, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, नजर अंधुक होणं, गोंधळल्यासारखं वागणं, फिट येणं, पूर्वी कधी झाली नाही इतकी तीव्र डोकेदुखी, यातलं एक जरी असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसू नका, लगेच रुग्णवाहिका बोलवा. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत ही रेषा खूप खाली असते: वरचा १६० किंवा खालचा ११०, लक्षण असो वा नसो, लगेच इस्पितळ.

लक्षण नसेल तर लघवीला जाऊन या, पाठ टेकून बसा, दिवा मंद करा, बोलणं थांबवा. श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आणा: चार सेकंद आत, सहा सेकंद बाहेर, दहा मिनिटं. मग एकदा मोजा. त्यानंतर अर्ध्या तासाने एकदा. बस्स. दर दोन मिनिटांनी पट्टा फुगवला की प्रत्येक आकडा पुढच्या आकड्याला घाबरवतो. नेहमीची गोळी चुकली असेल तर डॉक्टरांनी आधी सांगितल्याप्रमाणे ती घ्या, पण जादा नको. तासाभरानंतरही आकडा १८०च्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

अजून एक. अशा उसळ्यांत भीती मागाहून येते, आधी येत नाही, असं अनेक रुग्ण सांगतात. आणि मग “टेन्शन घेऊ नका” एवढं ऐकून परत येतात. भीती न जाणवताही शरीराची ॲड्रेनॅलिनची यंत्रणा उसळू शकते, त्यावर उपचारही आहेत. फक्त तो निष्कर्ष बाकीच्या तपासण्या झाल्यावर काढायचा, आधी नाही.

मुळाशी:
तपासण्यांचा क्रम मी असा ठेवेन. सगळ्यात आधी २४ तासांचं बीपी यंत्र. दिवसा दर १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री अर्ध्या तासाने ते आपोआप मोजतं. रात्रीची सरासरी वरच्या आकड्याला १२० किंवा खालच्याला ७०च्या वर असेल, किंवा झोपेत बीपी दिवसापेक्षा १० टक्क्यांनी तरी उतरत नसेल, तर गोळीची वेळ आणि घोरणं या दोन्ही शंका बळावतात. त्या रात्री योग्य मापाचाच पट्टा मागा.

दुसरं, अल्डोस्टेरॉन (मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीचं, मीठ धरून ठेवणारं संप्रेरक) आणि रेनिन (ते वाढवायला सांगणारा मूत्रपिंडातला घटक) यांचं गुणोत्तर. पोटॅशियम ठीक आहे म्हणून हे टाळू नका. अल्डोस्टेरॉन जास्त असलेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांत पोटॅशियम नॉर्मलच असतं. लोसार्टन चालू असताना रेनिन वाढून निकाल खोटा “ठीक” दिसू शकतो, हे निकाल वाचणाऱ्याला ठाऊक हवं.

तिसरं, फिओक्रोमोसायटोमा, म्हणजे ॲड्रिनल ग्रंथीची ॲड्रेनॅलिन सोडणारी गाठ. उसळी म्हटलं की सगळ्यांना आधी हीच आठवते, पण बीपीच्या हजार रुग्णांत ती जेमतेम एक ते सहा जणांना सापडते. तरी नाडी ९६ आणि धडधड असल्यामुळे एकदा पाहून टाकावं. डोकेदुखी, दरदरून घाम आणि धडधड हे त्रिकूट एकत्र येतं का, चेहरा पांढरा पडतो का, ते विचारा. चेहरा लाल होणं त्या मानाने विरळ. तपासणी रक्तातल्या मुक्त मेटानेफ्रिनची, म्हणजे ॲड्रेनॅलिनपासून बनणाऱ्या घटकाची. रक्त काढण्याआधी २० ते ३० मिनिटं आडवं पडून राहायचं. बसून काढलेल्या रक्तात आकडा उगाच वर येतो आणि मग महिनाभर घोर लागतो. काही पद्धतींत पॅरासिटामॉलही आड येतं, म्हणून प्रयोगशाळेला आधी विचारून घ्या. पर्याय म्हणजे २४ तासांची लघवी. निकाल नॉर्मल आला तर ही शंका जवळजवळ मिटते. एक धोका मात्र सांगतो: ही शंका मिटेपर्यंत धडधड थांबवायला नुसतं प्रोप्रानोलोलसारखं बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी करणारं औषध) सुरू करू नये. गाठ असेल तर त्याने रक्तवाहिन्या आणखी आवळतात आणि बीपी भडकतं.

मूत्रपिंडाच्या धमनीचा डॉपलर (धमनी अरुंद झाली आहे का ते दाखवणारी सोनोग्राफी) प्रत्येकाला लागत नाही. लोसार्टनसारखं औषध सुरू केल्यावर क्रिएटिनिन ३० टक्क्यांहून जास्त वाढलं असेल, किंवा फुफ्फुसात अचानक पाणी झालं असेल, तर तो आवर्जून करावा. मानेवर पूर्वी रेडिएशन किंवा शस्त्रक्रिया झाली असेल तर तेही सांगा. तिथली दाब ओळखणारी यंत्रणा बिघडली की बीपी दोन्ही टोकांना झोके घेतं.

टिपणवही:
मानेचं काही नाही. क्रिएटिनिन औषधाआधी ०.८, आता ०.९. मोठा पट्टा आजच मागवला आहे. डायक्लोफेनॅक थांबवून गुडघ्यासाठी दुसरं काय चालेल ते विचारायचं ठरवलं आहे. डॉक्टरांची वेळ नऊ दिवसांनी आहे, तोवर नोंदी कशा ठेवू?

पारा_आणि_पट्टा:
सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री झोपण्याआधी, दर वेळी दोनदा. पहिल्या दिवसाचे आकडे सरासरीत धरू नका. उरलेल्यांची सरासरी वरच्या आकड्याला १३५ किंवा खालच्याला ८५च्या वर आली तर उसळ्या सोडूनही बीपी ताब्यात नाही. उसळ्यांचं पान वेगळं ठेवा: वेळ, दोन्ही आकडे, नाडी, घाम, चेहऱ्याचा रंग, शेवटची गोळी किती तासांपूर्वी, आदल्या २४ तासांत घेतलेलं प्रत्येक औषध, उतरायला लागलेली मिनिटं. यंत्र आणि नवा पट्टा बरोबर घेऊन जा. तिथल्या यंत्रासोबत त्याच दंडावर पाळीपाळीने मोजून ताडून घ्या, आणि एकदा दोन्ही दंडांवर मोजायला सांगा. दोन दंडांत १०पेक्षा जास्त फरक असेल तर पुढे कायम जास्त येणाऱ्या दंडावरच मोजा.