जावामध्ये मराठी मजकुरासाठी रेग्युलर एक्स्प्रेशन: सल्ला हवा आहे

ग्रंथखाते:
आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असून प्रत्येक ओळीत पुस्तकाचे नाव, लेखक आणि देवनागरी अंकांत प्रकाशनवर्ष आहे. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे मजकुरातला ठरावीक नमुना (पॅटर्न) शोधण्याचे सूत्र, वापरून यातील शब्द आणि वर्ष वेगळे काढायचे आहेत. शब्दातील अक्षरे ओळखणाऱ्या बॅकस्लॅश-डब्ल्यू या चिन्हाला मराठी शब्द मुळीच सापडत नाहीत, आणि युनिकोडचा 'अक्षर' हा वर्ग वापरल्यास 'पुस्तक' या शब्दाचे 'प', 'स' आणि 'तक' असे तीन तुकडे हाती येतात. शिवाय स्ट्रिंग वर्गाची मॅचेस ही मेथड जवळपास प्रत्येक ओळीला फॉल्स देते. कोणता मार्ग धरावा?

अर्धविराम:
युनिकोडच्या लेखी उकार आणि हलन्त ही अक्षरे नसून जोडचिन्हे आहेत, म्हणून 'पुस्तक' नेमका त्या दोन जागी तुटतो. जावा ७ पासून 'युनिकोड कॅरेक्टर क्लास' हा फ्लॅग, म्हणजे पॅटर्नची वागणूक बदलणारा पर्याय, उपलब्ध आहे. पॅटर्न कंपाइल करताना (वापरण्यायोग्य रूपात आणताना) तो दिल्यास बॅकस्लॅश-डब्ल्यूमध्ये काना-मात्रा आणि अंक ओळखणाऱ्या बॅकस्लॅश-डीमध्ये देवनागरी अंक येतात. वर्षासाठी वेगळे रूपांतर लिहू नये. मजकुराची संख्या करणारी इंटिजर वर्गाची पार्सइंट ही मेथड '१९६०' सरळ स्वीकारते.

मॅचेस संपूर्ण ओळ पॅटर्नमध्ये बसली तरच ट्रू देते. ओळीतला भाग शोधायचा असेल तर मॅचर वर्गाची फाइंड वापरावी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्ट्रिंगची मॅचेस प्रत्येक वेळी पॅटर्न नव्याने कंपाइल करते, त्यामुळे लांबलचक फाइलवर ते काम फुकट जाते. पॅटर्नचा ऑब्जेक्ट एकदाच तयार करून स्टॅटिक फायनल ठेवावा. तो बदलत नसल्यामुळे अनेक थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) बिनदिक्कत वाटता येतो. मॅचर मात्र शोध कुठवर आला आणि कोणत्या गटात (पॅटर्नमधल्या कंसातील भागात) काय सापडले हे स्वतःजवळ ठेवतो, म्हणून तो प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र हवा. गटांना नावे देणार असाल, तर ती रोमन लिपीतच द्यावी लागतील, 'वर्ष' असे नाव जावा चालवून घेत नाही.

काठावरचा:
वरील सल्ला योग्यच आहे. 'देवनागरी लिपी' हा तयार वर्ग वापरण्याचा मोह मात्र टाळावा, कारण जुन्या टंकलेखनात 'दर्‍या'मधला अर्धा र साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक (न दिसणारे चिन्ह) असा लिहिलेला असतो, आणि तो जोडक देवनागरी लिपीत मोडत नसल्याने शब्द तिथेच तुटतो. फ्लॅगसहित बॅकस्लॅश-डब्ल्यू त्याला सामावून घेतो.

ग्रंथखाते:
मग सुरुवातीलाच असे जोडक पुसून टाकले तर चालेल काय?

काठावरचा:
मुळीच नाही. 'दर्‍या'मधला जोडक पुसला की 'दर्या' उरतो, म्हणजे डोंगरातल्या खोल जागांचा समुद्र होतो. त्याऐवजी र, हलन्त आणि जोडक या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालावा. काही ठिकाणी ऱ हा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा दोन चिन्हांतही सापडेल. त्यासाठी आधी नॉर्मलायझर वर्गाने मजकूर एनएफसी रूपात, म्हणजे अशी सुटी चिन्हे एकत्र केलेल्या प्रमाण युनिकोड रूपात, आणावा. पॅटर्नमध्ये अशी दोन्ही रूपे सारखीच मानणारा 'कॅनन ईक्यू' हा फ्लॅग आहे, पण तो शोध मंदावतो.

तिसरीओळ:
तुमच्या फाइलमध्ये रकाने टॅबने वेगळे केलेले असतील, तर प्रथम स्प्लिटने रकाने पाडावेत आणि पॅटर्न केवळ शीर्षकातील शब्दांसाठी राखावा. तसेच शब्दाची सीमा दाखवणारा बॅकस्लॅश-बी जावा १९ पासून फ्लॅग नसल्यास केवळ रोमन अक्षरेच पाहतो, त्यामुळे जुन्या जेडीकेवर (जावाच्या विकसन संचावर) चालणारा कोड नव्यावर वेगळे उत्तर देऊ शकतो.

ग्रंथखाते:
रकाने टॅबचेच आहेत. स्प्लिट आणि फ्लॅग मिळून 'पुस्तक' आता अखंड मिळतो आहे.