सल्ला हवा: कॉन्व्हेंटमधल्या भयकादंबरीला आधार कुठल्या प्रकरणाचा घेऊ? (बजेट ₹५००)

काळोखी: दाबून ठेवलेली वासना आणि पाप की भूत हा घोळ, असा विषय. काळ ११०० ते १४००, इंग्लंड. खरं प्रकरण आणि रोजच्या दिनक्रमाचे तपशील हवेत. संदर्भांवर ₹५०० च्या वर खर्च नाही.

जुनापुराणा: डोळे मिटून फ्रान्समधलं लूदाँ. मठप्रमुख मदर झान दे झांजने ग्रांदिए नावाच्या पाद्र्याला मठाचा कन्फेसर (पापांची कबुली ऐकणारा) म्हणून बोलावलं, तो नाही म्हणाला. पुढे तिच्या अंगात भुतं घातल्याच्या आरोपावरून १६३४ मध्ये त्याला जाळलं. जबान्यांसकट चांगला संच घ्या, चार-पाच हजार जातील. जाऊ देत.

बखरकार: ११०० ते १४०० म्हटलंय हो! वॉटन घ्या, यॉर्कशर. मुलगी चारेक वर्षांची असताना मठात दिलेली, पुढे तिथल्याच एका ब्रदरपासून दिवस राहिले. जोगिणींनी तिला बेड्या घातल्या आणि त्याचं लिंग तिच्याच हातून कापवलं. मग दिवंगत आर्चबिशप स्वप्नात येतो, पोट सपाट, बेड्या गळालेल्या. हे रिव्हो मठाचा प्रमुख एल्रेड याने ११६० च्या दशकात भक्तिभावाने लिहिलंय. भय त्या भक्तिभावातच आहे.

तिखटमीठ: वॉटनला +१. हा गिल्बर्टाइन पंथाचा मठ, स्त्रिया आणि पुरुष एकाच आवारात, मध्ये भिंत. जेवण फिरत्या खिडकीतून जायचं, देणाऱ्याचं तोंड दिसत नसे.

गोंयकार: लांब कशाला? जुन्या गोव्यात सांता मोनिका हा जोगिणींचा मठ, १६०६. १६३६ मध्ये क्रूसावरच्या ख्रिस्ताने डोळे उघडले म्हणतात.

बखरकार: हेही मध्ययुग नाही.

गोंयकार: आपल्याकडे तेव्हा मध्ययुगच चालू होतं!

दिवाभीत: भांडा तुम्ही. काळोखी, नेहमी चुकतं ते सांगतो. स्वतंत्र खोल्या नकोत, सामायिक शयनगृह ठेवा. काळोखही नको: संत बेनेडिक्टच्या मठनियमाप्रमाणे दिवा पहाटेपर्यंत जळतो. झोपायचं अंगावरच्या कपड्यांत, कमरेला पट्टा, पण सुरी काढून ठेवायची, झोपेत लागू नये म्हणून. कॉम्प्लिननंतर, म्हणजे दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेनंतर, बोलायचं नाही, मध्यरात्र उलटल्यावर मॅटिन्सच्या प्रार्थनेला उठायचं. म्हणजे किंकाळी हाच नियमभंग. जाळीची कबुलीपेटी सोळाव्या शतकातली, ती टाळा. आयलीन पॉवरचं १९२२ चं इंग्लिश जोगिणींच्या मठांवरचं पुस्तक जालावर फुकट आहे.

तिखटमीठ: वॉटनच घ्या. लीड्सची जोन या जोगिणीच्या नादी लागू नका. १३१८ ची नोंद: आजाराचं सोंग, स्वतःच्या देहासारखा पुतळा करून तो पुरायला लावला आणि बाई पसार. तो फार्स आहे.

काळोखी: आभार. जोनच घेते! वॉटनमध्ये चमत्कार सगळं मिटवून टाकतो. इथे पुतळा पुरलेला राहतो, आणि पुरणाऱ्यांतल्या कोणाला ठाऊक होतं ते कळत नाही. मूळ नोंद कुठे मिळेल?

दिवाभीत: यॉर्कचे तेव्हाचे आर्चबिशप मेल्टन यांच्या रजिस्टरात. यॉर्क विद्यापीठाने पानांची छायाचित्रं फुकट ठेवलीत. लॅटिन आहे, संक्षेप भरपूर.

जुनापुराणा: लूदाँचं पक्कं समजू ना?