यावल पट्ट्यात 1:10,000 चा मातीनकाशा : खड्डे किती, कुठे आणि कधी?

शिवार_नोंद

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातल्या लागून असलेल्या चार गावांचं मिळून साधारण 3,000 हेक्टर शिवार आहे. उत्तरेला सातपुड्याचा पायथा, दक्षिणेला तापी. शेतकरी उत्पादक कंपनीला मातीचा नकाशा हवाय. केळी कुठे, कापूस-हरभरा कुठे, ठिबकचे तास कुठे किती, हे त्यावरून ठरणार. 1:2,50,000 च्या नकाशात आमचं बहुतेक शिवार एकाच रंगात येतं. 250 मीटरची जाळी टाकून प्रत्येक बिंदूवर नमुना घ्यावा असा विचार आहे. ते बरोबर आहे का? खड्डे किती घ्यावेत, कोणत्या महिन्यात? आणि 0-15 सेंमी व 15-30 सेंमी असे दोन थर पुरतील का?

पायथा_ते_तापी

जाळी नको. 250 मीटरवर 480 बिंदू होतात. त्यातले निम्म्याहून जास्त मधल्या सपाट काळ्या पट्ट्यात पडतील आणि तुम्हाला तेच तेच सांगतील. जिथे माती शंभर पावलांत बदलते, त्या घळींच्या कडेला मात्र बिंदूच नसेल.

आधी भूरूपं वेगळी करा. तुमच्याकडे मुख्य तीन आहेत. पायथ्याचा बझाडा पट्टा, म्हणजे डोंगरातून आलेले गोटे, वाळू आणि माती यांचे पंखे. इथे वर माती दिसते, पण 40 सेंमीवर गोट्यांचा थर लागू शकतो. त्याच्या दक्षिणेला तापीच्या जुन्या गाळाचा सपाट, भारी काळा पट्टा. मग नदीकडे घळींचा पट्टा. तिथे वरची काळी माती वाहून गेलेली असते आणि फिकट, चुनखडीच्या खड्यांची माती उघडी पडते.

आता पायथ्यापासून नदीपर्यंत उतारालगत तीन छेदरेषा आखा. प्रत्येकीवर 6 ते 8 पूर्ण खड्डे, म्हणजे एकूण वीसेक. भूरूप बदलतं तिथे बदलाच्या दोन्ही बाजूंना एकेक खड्डा हवाच. खड्ड्यांवरून मातीचे प्रकार ठरले की मधल्या जागा ऑगरने (माती वर काढणाऱ्या हातगिरमिटाने) तपासायच्या. 20 हेक्टरला एक धरला तर सुमारे 150 ऑगरबिंदू. ते सारख्या अंतरावर नकोत. हद्दीजवळ दाट, सपाटीत विरळ.

1:10,000 वर कागदावरचा 1 चौरस सेंमी म्हणजे 1 हेक्टर. 0.4 चौरस सेंमीपेक्षा लहान तुकडा वाचता येत नाही, म्हणजे जमिनीवर 0.4 हेक्टरपेक्षा लहान डाग वेगळा दाखवू नका, वर्णनात लिहा. 1:50,000 वर हीच मर्यादा 10 हेक्टर होते. म्हणून जिल्ह्याचा नकाशा मोठा करून छापला तरी तपशील वाढत नाही.

बझाड्यात ऑगर चालत नाही, गोट्यावर अडकतो. तिथे विहिरींचे कट, शेततळ्यांच्या बाजू, रस्त्याचे खोदकाम वापरा, पण उघडा चेहरा 20-30 सेंमी आत तासून मगच वाचा. पावसाने धुतलेल्या भिंतीवर वरची माती ओघळून खालचा थर झाकते. आणि प्रत्येक शेतात विचारा, धरणाचा गाळ टाकलाय का? 2017 पासूनच्या गाळयुक्त शिवार योजनेनंतर बऱ्याच मुरमाड रानांवर वीत-दीड वीत काळा गाळ आहे. वरून पाहणारा त्याला सरळ भारी जमीन लिहून मोकळा होतो.

काळी_कसदार

वरच्या प्रतिसादाशी सहमत. खड्ड्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण नकाशा तिथेच बिघडतो.

माप 2 मीटर लांब, 1 मीटर रुंद, खोली 1.5 मीटर किंवा मुरूम/खडक लागेपर्यंत. वाचायची बाजू उन्हाकडे ठेवा, पायऱ्या समोरच्या टोकाला. वाचायच्या बाजूच्या काठावर कुणी उभं राहू नये आणि माती टाकू नये. वरची माती एका ढिगात, खालची दुसऱ्यात. बुजवताना उलट क्रम ठेवला नाही तर शेतकऱ्याच्या रानात चुनखडीचा पांढरा चट्टा राहतो, पुढचा खड्डा मग कुणी घेऊ देत नाही.

फावड्याने कापलेला गुळगुळीत चेहरा वाचू नका. सुरीच्या टोकाने ढेकूळ उचकटून काढा. भारी काळ्या जमिनीत साधारण 50 सेंमीखाली ढेकळं पाचरीसारखी, तिरपी सुटतात आणि त्यांच्या अंगावर चकाकणारे, रेघोट्या पडलेले पृष्ठभाग दिसतात. बोट फिरवलं की साबणासारखं गुळगुळीत. हेच स्लिकनसाइड. 25 सेंमी किंवा जास्त जाडीच्या थरात ते असतील (थराची वरची हद्द 100 सेंमीच्या आत हवी), चिकणमाती 30 टक्क्यांच्या वर असेल आणि भेगा पडत-मिटत असतील, तरच वर्टिसॉल, म्हणजे फुगणारी-आकसणारी खरी भारी काळी जमीन. नुसत्या काळ्या रंगावर ठरवू नका.

पोत हाताने पाहताना घाई नको. काळं ढेकूळ पाणी हळू शोषतं. दोन-तीन मिनिटं मळलं नाही तर आतल्या गाठी वाळूसारख्या लागतात आणि चिकणमाती कमी लिहिली जाते. रंग मुन्सेल तक्त्यावर (मातीचे रंग जुळवायच्या प्रमाणित पट्ट्यांवर) ओल्या व कोरड्या दोन्ही मातीचा, सावलीत नव्हे, सकाळ-संध्याकाळच्या लालसर उन्हातही नव्हे. चुन्यासाठी 10 टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल थेंबभर, खडे टाळून मधल्या मातीवर. खड्यावर टाकलं तर ते फसफसणारच.

आता 0-30 सेंमीचा प्रश्न. खतांच्या शिफारशीला पुरेल, नकाशाला नाही. चोपणपणा, म्हणजे सोडियम वाढून निचरा बिघडणं, खालून वर येतो. वर सामू 8.1 आणि 70 सेंमीवर 8.9 असू शकतो. केळी वर्षभर हिरवी दिसते आणि पावसाळ्यात मुळं कुजतात, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. म्हणून नमुना थरानिहाय, प्रत्येकी 1 किलो. पिशवीत एक चिठ्ठी, बाहेर दुसरी, सावलीत वाळवणं, 2 मिमी चाळणी.

शेतातच एक चाचणी करा. हरभऱ्याएवढं कोरडं ढेकूळ काचेच्या पेल्यातल्या ऊर्ध्वपातित पाण्यात अलगद सोडा आणि हलवू नका. नुसतं फुटून ढीग झाला तर ठीक. भोवती दुधासारखं ढगाळ वलय उठलं तर चिकणमाती विखुरतेय, सोडियमचा संशय घ्या. 10 मिनिटांनी आणि 2 तासांनी नोंद करा. विहिरीचं पाणी वापरू नका, त्यातले क्षार विखुरणं दाबून टाकतात आणि खराब जमीन चांगली दिसते.

प्रयोगशाळेला दोन गोष्टी आधीच सांगा. एक, विरघळलेलं सोडियम वजा करूनच विनिमययोग्य (मातीच्या कणांना धरून असलेलं) सोडियम मोजा. दोन, चुनखडीयुक्त मातीत धनायन विनिमय क्षमता (कण सोडियम, कॅल्शियमसारखे धनायन किती धरू शकतात ते) 8.2 सामूच्या सोडियम ॲसिटेटने काढा. आणि या क्षमतेतल्या सोडियमच्या वाट्याची पुस्तकातली 15 टक्क्यांची मर्यादा आली नाही म्हणून निश्चिंत राहू नका. स्मेक्टाइटी (फुगणाऱ्या चिकणमातीच्या) काळ्या जमिनीत निचरा त्याच्या खूप आधी बसतो.

नकाशा_थर

उपग्रह चित्राबद्दल. सेंटिनेल-2 ची एप्रिल-मेची चित्रं घ्या, 10 मीटरची. तेव्हा कापूस-हरभरा निघालेला असतो. केळीबागा हिरव्याच राहतात, त्या वगळा, नाहीतर बागेची हद्द मातीची हद्द म्हणून आखली जाईल. तसंच नुकतं नांगरलेलं किंवा पाणी दिलेलं रान गडद दिसतं. तीन-चार वर्षांची चित्रं शेजारी ठेवून, दर वर्षी टिकणारीच रेषा धरा.

30 मीटरच्या उंचीनमुन्यावर पायथा आणि घळी छान निघतात. मधल्या सपाटीत मात्र त्याची चूकच उतारापेक्षा मोठी असते. तिथे त्यावरून 0-1 आणि 1-3 टक्के असे वर्ग पाडू नका, ॲबनी लेव्हल किंवा डंपी ही उतार-पातळी मोजायची साधनं घेऊन मोजा.

गावनकाशा यूटीएम (मीटरमधली नकाशा-निर्देशांक पद्धत) विभाग 43 उत्तरमध्ये बसवताना शिवेचे दगड, जुन्या विहिरी, तीन गट मिळतात ते कोपरे असे 15-20 बिंदू घ्या. मातीची हद्द गटाच्या बांधावर ओढू नका. आधी माती आखा, गट नंतर वर ठेवा, आणि एका गटात दोन प्रकार आले तर दोन्ही लिहा.

शिवार_नोंद

फार उपयोग झाला. जाळी रद्द. महिना कोणता मग? मे म्हणजे भेगाही दिसतील.

काळी_कसदार

भेगा मेमध्ये मोजा, रुंदी आणि खोली. खड्डे मात्र कापूस उपटल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा खाली किंचित ओल असते, पाचरी अखंड सुटतात. मेमध्ये काळी जमीन दगड होते, कुदळीने सगळं चुरा होऊन रचना दिसतच नाही.

पायथा_ते_तापी

बझाडा मेपर्यंत चालेल, तिथे ओलीचा प्रश्न नाही. घळींचा पट्टा सगळ्यात आधी घ्या.