मदत हवी आहे: एमपीए करताना स्पेशलायझेशन कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी. सरकारी लेखा विभागात सहा वर्षं काढली, आता लोकप्रशासनात मास्टर्स (एमपीए) करायचं ठरवलंय. माहितीपत्रकं वाचून वाचून डोकं भणभणलंय.

मूळ विषय बहुतेक ठिकाणी तेच दिसतात: अर्थसंकल्प, मनुष्यबळ, संघटन सिद्धान्त, धोरण विश्लेषण आणि संख्याशास्त्र. संख्याशास्त्राची धास्ती आहे हे आधीच सांगून टाकते. हिशेब जमतात, पण रिग्रेशन (आकड्यांमधला परस्परसंबंध मोजायची पद्धत) म्हटलं की पोटात गोळा येतो! तयारी कुठून सुरू करू?

खरा घोळ स्पेशलायझेशनचा. सार्वजनिक वित्त घेतलं तर अनुभव कामी येईल, पण मग शिकले काय, तेच पुन्हा? मन स्थानिक स्वराज्य संस्थांकडे ओढतंय. ना-नफा संस्थांचं व्यवस्थापनही खुणावतंय, पण त्यात निधी उभारणी येते आणि मला पैसे मागायला अजिबात जमत नाही. धोरण विश्लेषणच करायचं तर सरळ एमपीपी (सार्वजनिक धोरणातलं मास्टर्स) का करू नये, असंही एकाने सुनावलं.

आणखी एक. काही अभ्यासक्रमांत इंटर्नशिप सक्तीची असते, पण नोकरीचा अनुभव असला की सूट मिळते. ती घ्यावी, की वेगळ्या खात्याचं काम बघायची संधी सोडू नये? शेवटी प्रबंध लिहावा, की एखाद्या संस्थेसाठी कॅपस्टोन प्रकल्प (शिकलेलं प्रत्यक्ष प्रश्नावर वापरायचं शेवटचं काम) करावा? पीएचडीचा विचार नाही.

नोकरी सांभाळून हे केलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.