मदत हवी आहे: गाडीच्या एसी कॉम्प्रेसरमध्ये तेल कोणतं आणि किती घालायचं?

गाडी २०१४ची पेट्रोल हॅचबॅक, ९० हजार किमी झालेली. बॉनेटखालच्या स्टिकरवर आर-१३४ए (एसीचा गॅस), ४२० ग्रॅम एवढंच लिहिलंय, तेलाबद्दल अवाक्षर नाही.

रविवारी जुन्या कात्रज घाटात कॉम्प्रेसर घरघरायला लागला आणि खेड शिवापूर येईपर्यंत जाम झाला. भर पावसात काचा खाली करून घरी आलो, सासूबाई अजून बोलत नाहीयेत. गॅरेजवाल्याने कॉम्प्रेसर उतरवून उलटा धरला तर जेमतेम ४० मिली तेल निघालं. रंग काकवीसारखा, बोटावर घेतलं तर धातूची चमकी. गेल्या दोन उन्हाळ्यांत दोनदा गॅस भरून घेतला होता, तेव्हा तेलाचं नावही कुणी काढलं नव्हतं.

नवा कॉम्प्रेसर नाना पेठेतून आणलाय. पण गॅरेजवाल्याने फळीवरून प्लॅस्टिकची अर्धी बाटली काढली, तोंडाला बुचाऐवजी चिंधी! "साहेब, एसीचं तेल म्हणजे एसीचं तेल, सगळ्या गाड्यांना हेच घालतो." मी थांबवलं तर तो दुखावलाच. माझं काही चुकतंय का? पीएजी (एसी कॉम्प्रेसरचं कृत्रिम तेल) ४६ आणि १०० यांत नक्की काय फरक? आणि मोजून किती घालायचं?

प्रतिसाद १
थांबवलंत ते उत्तम केलंत. पीएजी तेल हवेतली ओल शोषून घेतं, त्यात आपल्याकडचा जुलै. व्हॅक्युम मारला (पंपाने आतली हवा खेचून काढली) की पाइपातली ओल निघते, तेलात मुरलेली मात्र सहजी निघत नाही. पापड सादळले तर उन्हात घालता येतात, हे तेल फेकूनच द्यावं लागतं. छोटा सीलबंद पत्र्याचा डबा आणा, अगदी शेवटच्या क्षणी फोडा. नव्या कॉम्प्रेसरच्या तोंडावरची टोपणंही आधीपासून काढून ठेवू देऊ नका. आणि तेल रंगावर सांडू नका, रंग खराब होतो.

प्रतिसाद २
४६, १००, १५० हे दाटपणाचे आकडे. गॅस आर-१३४ए आहे म्हणून अमुक नंबर असं नसतं, तो कॉम्प्रेसरवर ठरतो. कॉम्प्रेसरच्या अंगावरचं लेबल पुसून बघा, बहुतेकदा तिथे तेलाचा प्रकार असतो. (हायब्रिडवाल्यांनी हा धागा वाचून पीएजी आणू नये. विजेवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरला सहसा पीओई हे वेगळं तेल लागतं. त्यात पीएजी गेलं तर विजेचं इन्सुलेशन बिघडतं.)

प्रतिसाद ३
तेलापेक्षा मला ती चमकी खुपतेय. ती कंडेन्सरमध्येही (गाडीच्या पुढची जाळी, जिथे गरम गॅस थंड होतो) गेली असणार. आताच्या कंडेन्सरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की फ्लश करून (आतून धुऊन) कण धड निघत नाहीत. कंडेन्सर आणि ड्रायर (गॅसमधली ओल शोषणारी डबी) बदला, नाहीतर नवा कॉम्प्रेसरही त्याच वाटेने जाईल.
मापाचं म्हणाल तर नुसता कॉम्प्रेसर बदलताना साधारण जुन्यातून निघालं तेवढं ठेवतात, कारण बाकीचं लाइनमध्ये असतं. तुमच्याकडे तो हिशेब लागू नाही. गॅस गळताना तेलही सोबत घेऊन जातो, म्हणूनच ते ४० मिलीवर आलं असावं. जोडांवर तेलकट डाग शोधा, गळती तिथेच सापडेल. लाइन पूर्ण फ्लश केली तर कंपनीने दिलेलं पूर्ण सिस्टिमचं माप घाला. 'असू दे थोडं जास्त' मात्र नको. जादा तेल नळ्यांना आतून चिकटतं आणि गारवा कमी होतो.

धागाकर्ता
लेबलवर पीएजी ४६ निघालं. नव्या कॉम्प्रेसरमधलं तेल मेजरिंग सिलिंडरमध्ये काढलं, १२० मिली भरलं. मॅन्युअलमध्ये पूर्ण सिस्टिमचंही तेवढंच आहे, म्हणजे वरून काही नको. तेच परत ओतून टोपणं लावलीत. डाग कंडेन्सरच्या खालच्या जोडावर सापडला, त्यामुळे कंडेन्सर उद्या आणतोय. एक्स्पान्शन व्हॉल्व्हही (गॅस बारीक भोकातून सोडणारा) बदलू का?

प्रतिसाद ३
बदला, चमकी तिथेही अडकते. आणि सगळ्या ओ-रिंगा (जोडांतल्या रबरी कड्या) नव्या घाला, जुन्या परत बसवू देऊ नका.