ज्युनियर हॉकी वर्ल्ड कप: भारताने साखळीत २९ गोल केले, सेमीत पाच खाल्ले. नेमकं कुठे अडतं?

लेफ्टहाफ

२०२१ भुवनेश्वर २-४, २०२३ क्वालालंपूर १-४, २०२५ चेन्नई १-५. तीन ज्युनियर वर्ल्ड कप, तिन्ही वेळा भारताची सेमीत हार, तिन्ही वेळा समोर जर्मनी. वयाची अट २१ची, त्यामुळे पोरं बहुतेक दर खेपेला नवीन. म्हणजे दोष एखाद-दुसऱ्या खेळाडूचा नाही.

२०२५ची साखळी बघा: चिली ७-०, ओमान १७-०, स्वित्झर्लंड ५-०. एकही गोल न खाल्लेली टीम पुढच्या दोन सामन्यांत सात खाते (बेल्जियमशी २-२ होऊन शूटआउटवर सुटलो, मग जर्मनी). ‘दडपण’, ‘मानसिकता’ वगैरे नको, मैदानावर काय बिघडतं ते सांगा. जिल्ह्याच्या अंडर-१९ टीमला यातलं काय घेता येईल?

रिव्हर्सस्टिक

१७-० मध्येच उत्तर आहे.

दुबळ्या टीमसमोर बॉल हरवला तरी दोन सेकंदांत परत मिळतो, कारण त्यांचा पहिला पासच चुकतो. मग दोन्ही फुलबॅक हाफलाइनच्या पुढे, साइड हाफ समोरच्या डीच्या (गोलपुढच्या अर्धगोलाच्या) कोपऱ्याशी, आणि त्याची शिक्षा काही होत नाही. असे दोन-तीन सामने झाले की ती सवय अंगात मुरते. तगड्या टीमसमोर तोच बॉल त्यांच्या २३ मीटर लाइनपाशी, मधल्या पट्ट्यात गेला की दोन पासांत ते आपल्या डीत. कडेला हरवलेला बॉल इतका महाग पडत नाही, साइडलाइन आपल्यासाठी फुकटचा डिफेंडर असते. मधला बॉल मात्र मारतो.

त्यामुळे आपला हल्ला चालू असतानाच मागचे तिघे ठरलेले हवेत. एक त्यांच्या सगळ्यात पुढच्या फॉरवर्डला चिकटून, आपल्या गोलच्या बाजूने. दुसरा त्याच्या मागे कव्हरला. तिसरा, म्हणजे सेंटर हाफ, त्यांच्या डीबाहेर पाच-सात मीटरवर, सुटून येणारा बॉल पहिल्याच टचला अडवायला. बहुतेक पोरं या तिसऱ्याच जागी चुकतात. रिबाउंडच्या मोहाने सेंटर हाफ डीत शिरतो आणि मागे वीस मीटरचं भगदाड पडतं.

सराव सोपा आहे. डीत शॉट झाला की कोचने लगेच दुसरा बॉल समोरच्या गोलकीपरच्या टीमला द्यायचा आणि मोठ्याने दहा मोजायचे. दहाच्या आत ते आपल्या डीत पोचले तर गोल त्यांचा.

‘५-० झाल्यावर गोल शोधूच नका’ असंही म्हणता येत नाही. सहा गटांचे विजेते आणि फक्त दोन सर्वोत्तम उपविजेते पुढे जाणार होते, तिथे गोलफरक लागतो. पण १०-० नंतर?

कॉर्नरवाला

वरचं पटलं, पण अर्धंच. २०२३च्या सेमीत आपल्याला १२ पेनल्टी कॉर्नर मिळाले, गोल शून्य. यात मागचे तिघे काय करणार?

मापं बघा. पुशर मागच्या लाइनवरून बॉल ढकलतो (पुश), डीच्या टॉपला स्टॉपर तो थांबवतो, फ्लिकर गोलवर मारतो. पुश गोलपोस्टपासून १० मीटरवरून. तिथून डीच्या टॉपपर्यंत बॉलला तिरके १९ मीटर जायचं असतं, शिवाय शॉटआधी डीच्या बाहेर पडायचं. पहिला रशर (शॉट अडवायला धावणारा डिफेंडर) गोललाइनवरून सुटतो आणि त्याला सरळ १४-१५ मीटर पळायचं असतं. शर्यत इतकी चुरशीची की पुश उसळला किंवा स्टॉपरकडून बॉल वीतभर पुढे सरकला की फ्लिकरला पाऊल बदलावं लागतं. तेवढ्यात रशरची स्टिक आडवी आलेली असते. नाव फ्लिकरचं खराब होतं, चूक मात्र पुशची.

दुसरं म्हणजे व्हिडिओ. साखळीत एकच ड्रॅग (स्टिकवर बॉल ओढत मारलेला फ्लिक) मारून गोल होत राहिले की फ्लिकरचा रनअप, आवडता कोपरा, स्टॉपची जागा सगळं समोरच्यांच्या लॅपटॉपवर पोचतं. एक-दोन व्हेरिएशन्स झाकून ठेवायची: पुशर पोस्टजवळ आत येऊन डिफ्लेक्शन (नुसती स्टिक लावून बॉल वळवणं), किंवा स्टॉपवरून डावीकडे स्लिप (बाजूच्याला छोटा पास). पण झाकून ठेवायची म्हणजे सरावात रोज करायची, सामन्यात नाही. सेमीत पहिल्यांदाच केलेली स्लिप हमखास पायात जाते.

तिसरी गोष्ट कोचची. कॉर्नर दिला की तो पूर्ण होईपर्यंत बदली करता येत नाही. मुख्य फ्लिकर तेव्हा बेंचवर असला तर तिथेच बसून बघणार. म्हणून दोन फ्लिकर एकाच वेळी बाहेर काढायचे नाहीत. पुशर आणि स्टॉपरचंही तेच.

लेफ्टहाफ

पटलं. दमणूक कितपत? ५ डिसेंबरला शूटआउट, ७ला सेमी.

रिव्हर्सस्टिक

जर्मनीचीही क्वार्टर फायनल शूटआउटवरच गेली होती, तेव्हा ती सबब नको. शिवाय सेमीत पहिले दोन गोल पहिल्या क्वार्टरच्या शेवटी पाठोपाठ बसले, हाफटाइमला ०-३. ही दमल्याची लक्षणं नाहीत. क्वार्टर संपायला दोन-तीन मिनिटं उरली की बॉल कडेला ठेवायचा, मधून धोकादायक पास नाही, एवढं ठरलेलं असावं. गोल खाल्ल्यावर पुढची दोन मिनिटंही तशीच. ज्युनियर पोरं लगेच बरोबरी करायला धावतात आणि दुसरा खातात.

आणि हो, त्याच टीमने १० तारखेला अर्जेंटिनाविरुद्ध ०-२ वरून शेवटच्या ११ मिनिटांत चार गोल करून ब्राँझ घेतलं. दम होता.

कॉर्नरवाला

जिल्हा पातळीवर मात्र दमणूक हेच कारण असू शकतं. १८ जणांत दोन गोलकीपर, उरले १६. ६० मिनिटं गुणिले १० म्हणजे ६०० मिनिटं, सरासरी वाट्याला साडेसदतीस. आपल्याकडे चार ‘स्टार’ पोरं सगळे सामने पूर्ण खेळतात, शेवटचे चौघे पाच-सहा मिनिटं. बाद फेरीत स्टारचे पाय जड होतात आणि बेंचवरचा पोरगा थंडा. फॉरवर्डला सात-आठ मिनिटांनी बाहेर काढा, तो हात वर करायची वाट बघू नका. मॅनेजरच्या हातात वही द्या, प्रत्येकाची मिनिटं लिहायला.

लेफ्टहाफ

आमच्याकडे स्टॉपर एकच आहे. तोच सेंटर हाफ.

कॉर्नरवाला

मग आधी दुसरा स्टॉपर तयार करा. रोज ५० पुश, स्टॉप फूटपट्टीएवढ्या खुणेच्या आत. ५० पैकी ४५ जमायला लागले की फ्लिकरबरोबर जोडा.